'देवळात' शोधलं तर 'देऊळ' का सापडत नाही? डिजिटल शब्दकोशातल्या रूपांबद्दल थोडं सविस्तर

माझी भाची परदेशात वाढलेली. मराठी बोलते छान, पण वाचायला आत्ता आत्ता शिकतेय. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "मावशी, विहिरीपाशी म्हणजे काय गं?" गोष्टीच्या पुस्तकात होता शब्द. तिने फोनमधल्या शब्दकोशाच्या ॲपमध्ये 'विहिरीपाशी' टाकलं, काही नाही. मग स्वतःच्या डोक्याने 'पाशी' काढून 'विहिरी' टाकलं, तरी काही नाही. कारण कोशात शब्द आहे 'विहीर', त्यातला 'ही' दीर्घ. आता तिला कसं कळणार की या 'हि'ची मूळ शब्दात 'ही' होते? आणि ज्याला 'विहिरी'वरून 'विहीर' ओळखता येते त्याला त्या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा आधीच माहीत असतो, म्हणजे ज्याला कोशाची खरी गरज आहे त्याच्यासाठीच दार बंद.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हापासून मराठी डिजिटल करा, कोश ऑनलाइन आणा, ही मागणी बऱ्याच जणांकडून ऐकू येते. चांगलंच आहे. पण कोश ऑनलाइन आणणं म्हणजे नक्की काय करायचं, यावर फार कमी बोललं जातं. मी काही वर्षं हौसेने शब्दकोशाचा डेटा भरते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगते.

## छापील कोशात ही अडचण नव्हती का?

होती, पण माणूस ती भरून काढायचा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या, पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीने तो ऑनलाइन आणलाय आणि आजही आपण सगळे तो वापरतो. अशा कोशात शब्दाचं एकच रूप ठळक छापलेलं असतं. नामाचं एकवचन, क्रियापदाचं 'णे' लावलेलं रूप, पुढे लिंग आणि अर्थ. बाकी रूपं वाचणाऱ्याने व्याकरणाच्या पुस्तकातून शिकायची. कागद महाग, छपाई महाग, सगळी रूपं छापायची म्हटलं तर कोश बैलगाडीतून न्यावा लागला असता. आणि पान चाळताना डोळा आजूबाजूला फिरतो, 'विहिरी' शोधताना 'विहीर' नजरेला पडते. सर्च बॉक्सला मात्र आजूबाजू नसते. टाकलेली अक्षरं जशीच्या तशी जुळली तर ठीक, नाहीतर 'शब्द सापडला नाही'.

हे जे ठळक छापलेलं एक रूप असतं त्याला कोशवाले 'लेमा' म्हणतात. मी पुढे सरळ 'मूळ शब्द' म्हणेन.

## एका शब्दाची रूपं असतात तरी किती?

शाळेत आपण सगळ्यांनी 'स ला ते, स ला ना ते' घोकलंय. पण त्या पाठांतरात एक मधली पायरी राहून जाते. प्रत्यय मूळ शब्दाला थेट लागत नाही, आधी शब्द थोडा बदलतो आणि मग लागतो. देऊळ + त म्हणजे 'देऊळत' होत नाही, आधी 'देवळा' होतं मग 'देवळात'. हे जे मधलं 'देवळा', 'आंब्या', 'पाण्या', 'सुने' आहे त्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवा, बाकी सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

म्हणजे मराठी नामाची खरी रूपं साधारण चार. देऊळ, देवळे, देवळा-, देवळां-. आंबा, आंबे, आंब्या-, आंब्यां-. सून, सुना, सुने-, सुनां-. चारच! पण त्यातल्या शेवटच्या दोघांच्या मागे आख्खी आगगाडी लागते. ला, ने, त, हून, साठी, वर, खाली, पासून, पर्यंत... समजा असे २० डबे धरले तर दोन सामान्यरूपांची ४० रूपं झाली, प्रत्येकाला नुसतं ठेवा किंवा 'च' लावा किंवा 'ही' लावा, झाली १२०. यात 'चा'चा गोतावळा मी धरलेलाच नाही, तो स्वतःच चा-ची-चे-च्या असा बदलतो आणि त्याच्या मागे परत डबे लागतात. 'घरासमोरच्यांनाही' हा शब्द आपण रोज बोलतो आणि त्यात घरा, समोर, च्यां, ना, ही असे पाच तुकडे आहेत.

क्रियापदांचं तर विचारूच नका. शाळेत इंग्रजीच्या व्याकरणाच्या पुस्तकात मागे गो-वेंट-गॉन चा तक्ता असायचा, तो आपण पाठ केला. जा-गेला, ये-आला, कर-केला, हो-झाला, मर-मेला हा तक्ता आपल्याला कुणी पाठ करायला लावला नाही कारण तो आईच्या मांडीवरच आलेला. पण मशीनला मांडी नाही, आणि माझ्या भाचीसारख्या मुलांना ती अर्धीच मिळालेली असते. 'गेला' वरून 'जाणे' शोधायचं कसं? एकही अक्षर सारखं नाही.

## रेशन कार्डाचं उदाहरण

मला हे समजावताना रेशन कार्डच आठवतं. मूळ शब्द म्हणजे कुटुंबप्रमुख, कार्ड त्याच्या नावावर. पण आत घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि नातं लिहिलेलं असतं. दुकानात सून जाऊ दे नाहीतर धाकटा मुलगा, कार्ड एकच निघतं. चांगल्या डिजिटल कोशात 'देवळात' टाकलं की सिस्टीमने 'देवळा-' चं नाव शोधायचं, ते ज्या कार्डावर आहे ते 'देऊळ' कार्ड काढायचं, आणि नातंही सांगायचं, की हे एकवचनी सामान्यरूप आहे, पुढे 'त' लागलाय.

इथे गंमत अशी की काही नावं दोन कार्डांवर असतात. 'मुलाला' हे 'मूल' चंही रूप आणि 'मुलगा' चंही. 'पुण्याचा' म्हणजे पुणे शहराचा की पुण्य या शब्दाचा? पुण्याचा रस्ता आणि पुण्याचा साठा, दोन्ही बरोबर. उलट कधी कुटुंबप्रमुखाचं नावच सारखं असतं पण कुटुंबं वेगळी. 'नाव' म्हणजे नेम, नपुंसकलिंगी, त्याचं 'नावात'. 'नाव' म्हणजे होडी, स्त्रीलिंगी, तिचं 'नावेत'. 'माळ' म्हणजे मोकळं रान, 'माळावर'. 'माळ' म्हणजे गळ्यातली, 'माळेत'. जर कोशाने एका स्पेलिंगला रूपांचा एकच तक्ता दिला तर इथे घोळ होणारच. तक्ता शब्दाच्या स्पेलिंगला चिकटवायचा नसतो, शब्दाला चिकटवायचा असतो, आणि हे दिसतं साधं पण बऱ्याच घरगुती ॲपमध्ये नेमकं हेच केलेलं नसतं.

## बघायचा तक्ता वेगळा, मशीनने वाचायचा वेगळा

बऱ्याच साइटवर शब्दाखाली छान रंगीत तक्ता असतो, प्रथमा द्वितीया करत. माणसाला तो बघून सगळं कळतं. पण एक्सेलमध्ये ज्यांनी मर्ज केलेले सेल सॉर्ट करायचा प्रयत्न केलाय त्यांना माहितीय काय होतं ते. डोळ्यांना सुंदर दिसणारा तक्ता मशीनच्या दृष्टीने नुसती चौकटींची रांगोळी असते. 'देवळां-' हे अनेकवचन आहे हे त्या चौकटीत लिहिलेलंच नसतं, ते वरच्या आणि डावीकडच्या चौकटीवरून आपण समजून घेतो.

म्हणून चांगल्या फॉरमॅटमध्ये तक्ता ठेवतच नाहीत, रूपं ठेवतात. प्रत्येक रूप सुटं, त्याच्यावर त्याची लेबलं. 'देवळां', अनेकवचन, सामान्यरूप. संपलं. मग तक्ता पाहिजे तेव्हा पाहिजे तसा काढा, आडवा काढा उभा काढा, फोनच्या छोट्या स्क्रीनवर फक्त दोन ओळी दाखवा.

फॉरमॅट बरेच आहेत आणि ते कशासाठी बनले त्यावर त्यांचा स्वभाव ठरतो. स्टारडिक्ट नावाचा जुना लोकप्रिय फॉरमॅट आहे, त्यात पर्यायी शब्दांची वेगळी फाइल देता येते, म्हणजे 'देवळात' टाकलं तर 'देऊळ'चं पान उघडा एवढं सांगता येतं, पण नातं सांगायला जागा नाही. भाचीचं काम त्याने झालं असतं, भाषा शिकवणाऱ्या ॲपचं होणार नाही. टीईआय (टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह) म्हणून एक पद्धत आहे, १९८७ मध्ये सुरू झालेली, ग्रंथ आणि हस्तलिखितं डिजिटल करणारे अभ्यासक ती वापरतात, तिच्यात छापील कोशाचा मजकूर जसाच्या तसा ठेवूनही आत प्रत्येक रूपाला लेबलं लावता येतात. काम खूप वाढतं पण जुन्या कोशांसाठी मला तीच योग्य वाटते. आणि विकिडेटाने, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडातल्या खुल्या माहितीसाठ्याने, २०१८ पासून शब्दांसाठी वेगळी सोय केलीय, तिथे प्रत्येक शब्दाला नंबर, त्याच्या प्रत्येक रूपाला नंबर, प्रत्येक अर्थाला नंबर. रेशन कार्डच म्हणा ना! शिवाय तो डेटा कुणीही कशासाठीही वापरू शकतं, परवानगी लागत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा कळली. तक्त्यातली रिकामी चौकट. ती रिकामी का आहे? रूप अजून कुणी भरलं नाही म्हणून, का तसं रूप भाषेतच नाही म्हणून? 'नको' या क्रियापदाची नकोस, नका, नकोत अशी मोजकीच रूपं आहेत, बाकीची नाहीतच. आदराने बोलायचं तर 'वडील' अनेकवचनातच चालतं, वडिलांना, वडिलांचे. न भरलेली आणि मुळातच नसलेली, या दोन रिकाम्या जागा सारख्या दाखवल्या तर नवा माणूस उत्साहाने येऊन 'नकोईन' असलं काहीतरी भरून जातो. म्हणून 'रूप नाही' हे सुद्धा लिहून ठेवावं लागतं.

## "पण मराठीला नियम आहेत, मग नुसते नियमच लिहा ना"

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. शेवटचा 'आ' काढून 'या' जोडा की आंबा-आंब्या, घोडा-घोड्या, रस्ता-रस्त्या सगळे एका साच्यातून निघतात. मोदकाचा साचा एक, मोदक कितीही. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये स्पेलिंग तपासणारा जो हनस्पेल आहे तो असाच चालतो. एका फाइलमध्ये शब्द आणि त्यापुढे साच्याची खूण, दुसऱ्या फाइलमध्ये साचे. तो मुळात हंगेरियन भाषेसाठी बनला, तीही आपल्यासारखी प्रत्ययांची आगगाडी असलेली. तरी तो एकावर एक असे दोनच प्रत्यय सोडवू शकतो, आपल्या 'घरासमोरच्यांनाही' पुढे त्याला दोनेक प्रत्यय आधीच एकत्र बांधून द्यावे लागतात.

पण नियमांची खरी अडचण वेगळीच आहे. वाट-वाटा, वीट-विटा. आणि भिंत-भिंती, विहीर-विहिरी. सगळे स्त्रीलिंगी, सगळ्यांच्या शेवटी अ. वाटेवर म्हणतो पण भिंतीवर म्हणतो. 'वाट' आणि 'भिंत' या शब्दांकडे बघून कोण कुठल्या साच्यात जाणार हे सांगता येत नाही, ते माहीतच असावं लागतं. म्हणजे साचा नियमाने चालतो पण कुठला साचा हे प्रत्येक शब्दापुढे माणसाने लिहावं लागतं.

तीच गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. शासनमान्य शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे १८ नियम आहेत, त्याप्रमाणे फूल-फुलाला, मीठ-मिठाला, गरीब-गरिबाला. पण रूप-रूपाला, गीत-गीताला, शरीर-शरीराला, कारण ते तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. मशीनला फूल आणि रूप यात फरक कसा कळणार? शब्दापुढे 'तत्सम' अशी खूण असेल तर कळेल. ही खूण अर्थ शोधणाऱ्याला निरुपयोगी वाटते, पण तिच्याशिवाय अशा शब्दांची रूपं भरवशाने काढता येत नाहीत.

गावांची नावं तर आणखी मजेशीर. नागपूरला म्हणतो, नागपुराला सहसा म्हणत नाही, पण नागपुरात म्हणतो. एकाच शब्दात एका प्रत्ययाआधी शब्द बदलतो आणि दुसऱ्याआधी नाही. आणि ऑफिसात की ऑफिसमध्ये, टेबलावर की टेबलवर? दोन्ही चालतं, तेव्हा दोन्ही नोंदवायचं.

## "मग सगळी यादीच टाका, स्टोरेज काय आता स्वस्त आहे"

टाकता येते की. समजा ५० हजार नामं, प्रत्येकी वरची १२० रूपं, ६० लाख ओळी. फोनलाही जड नाही. अडचण जागेची नाहीच, दुरुस्तीची आहे. एखाद्या शब्दाचं सामान्यरूप चुकून 'विहीरी' असं दीर्घ लिहिलं गेलं असेल तर यादीत ती चूक त्या एका सामान्यरूपाच्या ६० ओळींत पसरते आणि नंतर ती ६० ठिकाणी शोधून काढायची. म्हणून माझं मत असं झालंय की माणसाने फक्त चार रूपं आणि साचा भरावा, तपासावा, आणि लांबलचक यादी मशीनने दर वेळी त्यावरून नवीन काढावी. चूक सापडली की मुळात एक अक्षर बदललं, यादी परत काढली, झालं. क्रियापदाला थोडी जास्त द्यावी लागतात, 'करणे' सोबत 'केला' दिलाच पाहिजे.

## दिसतं एक, आत लिहिलेलं भलतंच

हा भाग जरा किचकट आहे पण इथे अर्धे शोध फसतात म्हणून सांगते. 'वारा' घ्या. 'आ' काढून 'या' जोडा हा साचा मशीनने इमानदारीने लावला तर र ला हलन्त करून य जोडला जातो आणि स्क्रीनवर येतं 'वार्याला', रफारवालं. आपल्याला पाहिजे 'वाऱ्याला'. आचार्याला मध्ये रफार बरोबर आहे, वाऱ्याला मध्ये नाही. म्हणून र साठी साचाच वेगळा करावा लागतो.

बरं, हा 'ऱ्या' टाईप करायच्या पण दोन पद्धती. एकात नुक्त्यासारखा टिंब असलेला 'ऱ' हे वेगळंच अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या र् नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे. मशीनला दोन पूर्ण वेगळे शब्द. तुम्ही 'दुसऱ्या' एका कीबोर्डवरून शोधलंत आणि कोशात दुसऱ्या कीबोर्डवरून भरलेलं असेल तर उत्तर येणार 'सापडला नाही', आणि तुम्हाला जन्मात कळणार नाही का ते. ॲप या शब्दातल्या पहिल्या अक्षराचंही तसंच, ते एक अक्षर म्हणूनही लिहितात आणि अ वर चंद्र ठेवूनही. यावर उपाय सोपा आहे, साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे सगळं एकाच पद्धतीत बदलून घ्यायचं. फक्त करणाऱ्याला माहीत पाहिजे.

## यातलं शुद्ध कुठलं? बोलीचं काय?

घरे की घरं? करीन की करेन? 'केले' लिहायचं का 'केलं'? मी हा लेखच सगळा अनुस्वारवाला लिहितेय, म्हणजे माझाच मजकूर कोशात शोधला तर 'केलं' सापडायला नको का? विदर्भात 'मले' म्हणतात, मालवणीत 'माका' म्हणतात. काही जणांना वाटतं कोशात हे घेतलं की प्रमाण भाषा बिघडते. मला ही भीती कळते, शिकणाऱ्या मुलाने परीक्षेत काय लिहायचं हा खरा प्रश्न आहे. पण रूपं सुटी ठेवून लेबलं लावायची पद्धत इथेच कामाला येते. 'मला' वर प्रमाण लिहा, 'मले' वर वऱ्हाडी लिहा. शाळेच्या ॲपने फक्त प्रमाण दाखवावं, शोधणाऱ्या ॲपने सगळं शोधावं. ज्या माणसाने आजीच्या तोंडून 'मले' ऐकलंय त्याला कोशाने 'असा शब्द नाही' म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

## "आता एआय आहे की, तक्ते कशाला भरत बसायचे?"

मीही वापरते, खोटं कशाला बोलू. कच्ची रूपं काढून घ्यायला वेळ वाचतो. पण एआय मजकुरात पुन्हा पुन्हा आलेल्या गोष्टींवरून अंदाज बांधतं, आणि 'सासू'चं अनेकवचन 'सासवा' किंवा 'राऊळ'चं 'रावळात' हे इंटरनेटवर कितीदा येणार? तिथे ते आत्मविश्वासाने चुकीचं रूप देतं, आणि ते चुकीचं आहे हे ताडून बघायला तुमच्याकडे माणसाने तपासलेला तक्ता पाहिजेच. तोच तक्ता मग स्पेलचेकला, कीबोर्डच्या सजेशनला, दृष्टिहीनांसाठी वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमधली अक्षरं सुधारायला, सगळीकडे लागतो. एकदा नीट भरला की झाला.

'विहीर' मी त्याच रात्री भरली. विहीर, विहिरी, विहिरी-, विहिरीं-. दुसरं आणि तिसरं दिसायला सारखंच पण नाती वेगळी, म्हणून दोनदा. पंधरा मिनिटं लागली. परवा भाचीचा परत फोन. आता पुस्तकात 'जावेला' आलंय, 'जावे'पर्यंत तिने स्वतः सोडवलं, आणि कोशाने तिला सांगितलं 'जाणे, जायला हवे'. आता 'जाऊ' भरायला घेतलीय. नवऱ्याच्या भावाची बायको, जाऊ, जावा, जावे-, जावां-. यातली पहिली तिन्ही रूपं 'जाणे'च्या कार्डावर आधीच बसलेली आहेत.